सीवाली कावीळ

नाही नाही, मॅडम, हे 'हो' नाहीतर 'नाही' मधी नाही बसत — तुमी इचारता, डॉक्टरनं पयले ही तपासनी केली का मंग थे औषध देल्लं, अन् म्या नुसतं हो म्हनलं तं तुमी पुढच्या प्रश्नावर जासान, नाही म्हनलं तं डॉक्टरची फजिती. अन् कोनता डॉक्टर, हे तं इचारा! आमचे तीन झाले. चवथा डोयेवाला, पन त्याले सोडा, त्यानं निस्ती आग लावून देल्ली. बसा, पंखा वाढवते. पुन्याहून आल्या न? दिसूनच राहिलं, बार्शीटाकळीचं ऊन तुमाले नवं हाय. ज्योत्स्नाचे बाबा आत सैपाक करून राहिले — हो, तेच करते. हासू नोका, आयकू जाईन. होऊ द्या त्याईचं, भाजी लावली की त्याईले दुसरं काही सुचत नाही, तवरोक आपन बोलू. आता तुमचं म्हननं असं का डॉक्टर लोकाईले वरून नियम लावून देल्ला हाय, सी-च्या काविळीले काय करा, कसं करा, अन् तुमी पाहून राहिल्या का कोन पायते अन् कोन नाही. बरोबर? मंग आयका, म्हंजे तुमाले दुसऱ्या घरी जाचं कामच नाही पडनार.

आमचे हे देवमनराव कृषी सहायक. उभ्या गावाच्या पिकाचे पंचनामे याईच्याकडे. अन् याईच्याच डोयात मोतीबिंदू! गारपीट झाली त्या साली वावरात उभे राहून तुरीले कापसाची पऱ्हाटी म्हने. लोकं आंगावर आले — साहेब, माहं पूर्न वावर झोपलं अन् तुमी अर्धंच नुकसान लिवता — आता दिसलंच नाही तं मानूस काय लिवनार? लोकं तं तसेच जयले होते, दोन सालापासून कोनाच्या घरात धड पीक आलं नव्हतं. म्या म्हनलं, मार खासान एखाद्या दिवशी, चला. नेलं अकोल्याले डोयाच्या दवाखान्यात. तथी ऑपरेशनच्या पयले रक्त घेते. अन् याईले सुई दिसली का हातपाय गार — एवढा मोठा मानूस, मिशीवाला, पन माह्या पदराचं टोक धरून बसला. बरं, घेतलं रक्त. थोड्या वेयानं डॉक्टर बाहेर आला, आमच्यापासून चांगला हातभर लांब उभा राह्यला, अन् म्हने, 'सी पॉझिटिव्ह आहे, आधी त्याचा इलाज करून या, मग डोळ्याचं बघू.' सी म्हंजे काय, सायेब? तं म्हने लिवरचं, एक कावीळच समजा. अन् गेला आत. तो गेला तो गेलाच. मोतीबिंदू राह्यला डोयातच.

मंग आमचे ललित डॉक्टर. हे गावातले, याईचं नाव चांगलं लिवजा बरं का, मानूस देव हाय. बाळंतीन असो का बैल आडवा पडलेला असो, ललित डॉक्टर येते. त्याईनं याईची पापनी वढली, जीभ पाह्यली, पोट दाबलं, अन् गंभीर होऊन म्हनले, 'वहिनी, ही सीवाली कावीळ हाय.' म्या म्हनलं ते तं कागदावरच हाय. तं म्हने, 'हां, पन आता मी सांगून राह्यलो.' झालं — लिवरची गोड बाटली, डब्यातलं पांढरं पावडर, अशक्तपना वाटला का सलाईन, अन् पथ्य. पथ्य म्हंजे काय इचारू नोका! हयद बंद, तेल बंद, वांगं बंद, तिखट तं नावच काढू नोका. ताट अलग, गिलास अलग, टावेल अलग, खाट अलग. तपासनी? नाही केली न. दुसरी कोनती तपासनी असते हेच मालूम नव्हतं — आमालेबी अन् त्याईलेबी. म्या इचारलं, किती दिवस चालनार हे? म्हने, 'पाहू.' मॅडम, हे 'पाहू' दोन पावसाळे चाललं.

अन् बिमार मानसाचा आवाज बारीक होते का नाही? याईचा मोठा झाला! 'दुर्गा, माहं पानी!' 'दुर्गा, माहं पावडर!' उकडलेली दुधी अलग ताटात घेऊन बसे अन् आमच्या ताटातल्या ठेच्याकडे असं पाहे, असं पाहे, का माह्या घशातून घास उतरे ना. ऑफिसात चपराशी याईले कागदाच्या कपात च्या दे अन् कप लांबून सरकवे. हे त्याईनं मले सांगतलं नाही, मी एकदा डबा द्याले गेली तवा दिसलं. हे खिडकीकडे तोंड करून पेत होते. त्या दिवशी मंग घरी आवाज मोठा केला तरी म्या काही म्हनलं नाही, जा म्हनलं, करू दे. तुमच्या कागदात याचा प्रश्न हाय का — अलग कपाचा? टाका मंग. महत्त्वाचा हाय.

आमची लेक ज्योत्स्ना अमरावतीले बँकेत हाय. ती म्हने, बाबा सुकून चालले, मी मोठ्या डॉक्टरचा नंबर लावते. गेलो. मोठे म्हंजे काय — पांढरे केस, भितीवर सारे मढवलेले कागद, बाहेर अर्धं अमरावती बसलेलं. त्याईनं वर पाह्यलंच नाही. डोयेवाल्याचा कागद पाह्यला, अन् म्हने, 'इंजेक्शन. दर आठवड्याला एक, वर्षभर. ताप येईल, अंग दुखेल, केस जातील, माणूस चिडचिडा होतो.' म्या म्हनलं चिडचिडे तं हे हायच, त्याच्यात नवं काय होनार? ज्योत्स्ना शिकलेली, तिनं हळूच इचारलं, 'सर, आता गोळ्या आल्यात ना याच्यावर? पेपरात वाचलं.' सायेबानं चष्मा काढला. 'तू शाळेत होतीस तेव्हापासून मी हे इंजेक्शन देतोय.' बस, संपलं. म्हंजे पाहा, नियम त्याईलेबी होता, पन त्याईचा नियम जुना होता, अन् त्याईच्याशिवाय कोनाले त्यो बदलता येत नव्हता. अन् इकडे हे — 'जरा बाथरूमले जाऊन येतो.' गेले. आमी दोघी बसलो. सिस्टर सुई घेऊन आली. हे नाही. ज्योत्स्ना जिन्यात पाहून आली, मी गॅलरीत पाहून आली. नाही. मंग म्या म्हनलं, चाल बस स्टँडवर. तथी अकोल्याच्या गाडीत खिडकीत बसून हे, अन् बाजूच्या सीटवर माह्यासाठी टावेल टाकून ठेवलेला! म्हने, 'पंचनामे पडले हाय, सुटी नाही मले.' लेक बाहेरून खिडकीत जे बोलली ते मी काही तुमाले सांगत नाही. पन आता वाटते, याईच्या भेवानंच याईले वाचवलं. सालभर टोचून घेतलं असतं मानसानं, अन् कायसाठी? ते येते पुढं.

आमच्या मांगच्या गल्लीत नबीभाई. शिवनकाम करते. त्याईची भाची महेजबीन, लिवर-पोटाचं शिकून आली अन् अकोल्यात जठारपेठेत दवाखाना टाकला. नबीभाईच मांगं लागले, म्हने भाभी, एक बार दिखा तो दो. गेलो. हे दारातच म्हने, 'ही तं पोरगी हाय.' पोरगीच हाय, बारकीशी, टेबलामांगं नुसतं डोकं दिसे. पन मॅडम, ती बोले कमी अन् इचारे लय. मोबाइलमधी तिची किताब. एक इचारे, पाहे, मंग दुसरं इचारे. ते पाहून याईचा इश्वास उडे — मले कानात म्हने, 'हिले पाठ नाही.' म्या म्हनलं, 'ज्याईले पाठ होतं त्याईनं काय केलं मंग?' तर तिनं डोयेवाल्याचा कागद पाह्यला, अन् म्हने, 'काका, या तपासणीतून एवढंच कळतं की हा विषाणू कधीतरी तुमच्या शरीरात येऊन गेला. आज तो आहे का नाही, त्याची तपासणी वेगळी असते. ती कुठंय?' म्या म्हनलं, नाही केली. 'कुणीच नाही?' कोनीच नाही. तिनं पेन खाली ठेवला. मंग पेन उचलला, म्हने, 'करूया.' ना ललित डॉक्टरले नाव ठेवलं, ना अमरावतीवाल्याले. मले ते लय आवडलं. हे लिवा.

दुसऱ्या खेपेले रिपोर्ट आला. म्हने, 'काका, विषाणू नाही. तुमच्या शरीरानं स्वतःच घालवला, किती वर्षं झाली कोण जाणे. होतं असं काही लोकांचं. तुम्हाला कुठलाच इलाज लागत नाही. अन् मोतीबिंदूचं ऑपरेशन तर थांबवायची गरजच नव्हती.' तुमाले वाटन, मानूस खूश झाला असंन? तोंड उतरलं याईचं! 'म्हंजे मले काहीच नाही?' नाही. 'काहीच नाही?' नाही, काका. 'मंग थे दुधी?' डॉक्टरीन हासली नाही, पन ओठ चावला तिनं, म्या पाह्यलं. म्हने, 'हळद, तेल, सगळं खा. एका ताटात खा. जेवणातून हे पसरतच नाही, रक्तातून पसरतं.' अन् मंग ती माह्याकडे वयली. 'काकू, तुमचं?'

माहं काय? मी तं धरून आनली होती याईले! तिनं याईले बाहेर बसवलं अन् मले इचारत गेली — दात काढले का, दारू पेता का — म्या म्हनलं, पोरी, वेळ कुठी हाय? — गोंदलं का. म्या हात दाखवला. हे पाहा, हे — 'देवमन'. लगन झालं त्याच साली जत्रेत गोंदलं, आमी साऱ्या मैतरनी रांगेनं बसलो, गोंदनवालीची सुई एकच. डॉक्टरीननं लिवलं. मंग म्हने, 'कधी रक्त चढवलं होतं?' म्या तोंड उघडाच्या अंदर दार उघडलं — हे कान लावूनच बसले होते — 'चढवलं न! माहं! मी देल्लं! ज्योत्स्नाच्या टायमाले! दोन बाटल्या!' मॅडम, हे तुमाले सांगाचं राह्यलं. ज्योत्स्ना झाली तवा माहं लय रक्त गेलं, अकोल्याच्या दवाखान्यात, वाचते का नाही असं झालं, अन् तवापासून याईचं एकच — 'माह्या रक्तावर चालते ही.' सोयऱ्यात, लग्नात, ऑफिसात. पयले एक बाटली होती, ज्योत्स्ना दहावीले गेली तवा दोन झाल्या. पावना आला का च्याच्या पयले रक्त. तर डॉक्टरीन म्हने, 'एका वेळी दोन बाटल्या? नाही घेत तसं.' अन् मंग थांबली. याईच्याकडे पाह्यलं. अन् जपून, जपून बोलली, का तेव्हा रक्ताची ही तपासणी होत नव्हती, अन् काकांना तो कधीतरी झाला होता, तर… काकूंची तपासणी करून घेऊ. बस, एवढंच. याईच्या तोंडचं पानीच पयालं.

घरी जेवले नाही. दोन पावसाळे ज्या ठेच्यासाठी जीव टाकला, तो वाढला तं हात लावला नाही. म्या म्हनलं जेवा न, अजून कुठी माहं काही निंगालं हाय. पन निंगालं न. आता खरं सांगू, मले तं काही होतच नव्हतं. थकवा — थकवा कोन्या बाईले नसते? जठारपेठेत रिपोर्टचा कागद हातात घेतला अन् पयले काय सुचलं सांगू? का सरपन भरायचं राह्यलं. वेडी म्हना. जीव जाईन हे नंतर सुचलं, अन् जवा सुचलं तवा त्या खुर्चीवर पाय माहे हालतच होते, थांबेच ना, म्या हातानं दाबून धरले. डॉक्टरीन सांगत होती, काकू, लिवर अजून चांगलं आहे, मशीननं बघितलंय, आता गोळ्या आहेत, तीन महिने, सुई नाही, काही नाही, बहुतेक सगळे बरे होतात — अन् मले निस्ते तिचे ओठ हालताना दिसत. अन् तेवढ्यात हे उठले. उभे राह्यले, हात जोडले — हिशोब द्याले तहसीलदारासमोर उभे राह्यते तसे — अन् म्हने, 'मॅडम, ते रक्त माहं नव्हतं.' डॉक्टरीन म्हने, काय? 'माहं नव्हतं, मॅडम! म्या देल्लंच नाही! सुई पाह्यली अन् मी पडलो! चक्कर आली मले! ते दुसऱ्याचं रक्त होतं, रक्तपेढीतलं. मी खोटं बोललो. आतावरोक खोटं बोललो. पन माह्यापासून नाही झालं हिले, हे लिवा तुमी, लिवून द्या मले!' रडूनच राह्यले, मॅडम. मिशी वली. बाहेरचे लोकं दारात वाकून पाहे. अन् त्या पोरीनं वरसुद्धा पाह्यलं नाही, शांतपने लिवलं अन् मोठ्यानं वाचलं, 'रक्तदाता माहीत नाही.' मंग म्हने, 'काका, रक्तातून आलं असेल नाहीतर गोंदणातून, आता नाही सांगता येणार.' म्या म्हनलं, गोंदनातबी नाव याईचंच हाय! तवा हासली ती, पह्यल्यांदा. मीबी हासली. पाय तवा थांबले माहे.

पन घरी आल्यावर म्या सोडलं नाही बरं. म्या तोंड फुगवलं. इतक्या सालाचं खोटं? माह्या मायबापासमोर, माह्या लेकीसमोर? बोलनंच बंद केलं. तवा मानूस सैपाकघरात शिरला. पयल्या दिवशी वरन जयलं, दुसऱ्या दिवशी भाताची खीर झाली, भाकर तं इचारूच नोका, एखाद्या जिल्ह्याचा नकाशा. पन रोज सकायी गोयी अन् पानी माह्या हातात, अन् समोर उभे, घोट उतरेपर्यंत. ते अलग ताट-गिलास गच्चीवर नेऊन पाखराईले पानी ठेवलं त्याच्यात. एका ताटात जेवू लागलो, लगन झाल्यावर जेवलो होतो तसे. मंग गोया संपल्या, तीन महिने थांबून पुन्हा रक्त — हो, ते केलं, तुमच्या नियमात हाय ते? महेजबीननं तं फोन करकरून बोलावलं, 'काकू, नाही आलात तर मामूंना पाठवते.' गेली. नाही निंगालं काही. साफ. लिवा, साफ. अन् याईचा मोतीबिंदूबी निंगाला, सुईच्या वेळेस मी होतीच. अन् ललित डॉक्टर — हे खास लिवा — एक दिवस स्वतः घरी आले, खुर्चीच्या टोकावर बसले, अन् म्हने, 'वहिनी, ते दुसरी तपासनी कोनती म्हने?' म्या नाव सांगतलं. आता गावात कोनाचंबी सी आलं का त्याईले बाटली देत नाही, सरळ जठारपेठेत धाडते. अन् जाताना दारातून हळूच म्हने, 'मीबी करून घेतली. माह्याबी हाताले लय सुया लागल्या हाय.' अमरावतीवाल्याचं मालूम नाही. त्याईले तुमीच इचारा, वर पाह्यलं तं.

काय? राग? नाही हो, राग कशाचा — राग तं नव्हताच. मले तं दुसऱ्याच दिवशी कयलं होतं… म्हंजे, हे नोका लिवू. पेन ठेवा खाली. कयलं होतं म्हंजे ज्योत्स्ना झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सुंदराबाई नावाची सिस्टर होती तथी, तिनंच सांगतलं — का बाई, तुहा नवरा सुई पाहून धाडकन पडला, आमी पानी मारलं, उठला, अन् पायात चप्पल नाही काही नाही, पयत सुटला. जयंतीचा दिवस होता, चौदा एप्रिल, साऱ्या अकोल्यात मिरवनूक, रिक्षा नाही, टांगा नाही, रस्ते बंद. मोर्ना नदीच्या पुलापलीकडच्या रक्तपेढीतून, जुन्या शहराच्या अंगानं, त्या गर्दीतून हा मानूस रक्ताची पिशवी पोटाशी धरून आला, वरडत आला, 'बायको हाय माही, वाट द्या, बायको हाय' — अन् ढोल-लेझीम थांबवून लोकाईनं वाट देल्ली. सुंदराबाई म्हने, आला तवा आंगावर सारी नीळ, पायाले रक्त, अन् पिशवी माह्या हातात देऊन पुन्हा पडला. सुईशिवाय पडला त्या वेळेस. आता तुमीच सांगा, मॅडम, हे सांगासारखं होतं, अन् मानूस सांगे काय तं दोन बाटल्या! म्या कितीदा वाट पाह्यली, का एकदा तरी खरं सांगन, म्हंजे मलेबी म्हनता येईन का बावा, मले त्याचंच जास्त… पन नाही. चक्कर आली हे सांगाले लाज वाटे त्याईले. म्हनून मीबी मान हालवत राह्यली, हो बावा, तुमच्याच रक्तावर चालते. अन् आता हे फुगनं — ते असंच, मॅडम, थोडंसं. सैपाक बरा जमू लागला त्याईले. एवढ्यात कायले बंद…

काय झालं? मांगं काय पाहून राहिल्या?

…कवापासून उभे हाय तुमी तथी? भाजी लागून राहिली, वास येऊन राह्यला, गॅस तरी — बरं. नोका करू बंद. उभे राहा. हात पुसा पयले. अन् आता रडू नोका लोकाईसमोर.

मॅडम, तुमचे प्रश्न संपले. संपलेच समजा. दार वढून घेजा जाताना. आमाले बोलाचं हाय.